डाटा केबल

रात्रीचे साडेअकरा. डिसेंबरातली अमावास्या. भोरच्या पश्चिमेला, तात्यांच्या रानात, नुकताच टोमॅटो निघालेल्या तुकड्यात मी कानटोपी घालून उकिडवा बसलो होतो. वर इतके तारे होते की पुण्याहून आलेल्या माणसाने नुसती मान वर केली तरी पेट्रोलचे पैसे वसूल व्हावेत. मी मान खाली घातली होती. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपच्या पडद्यावर लाल जिलेटिनचा कागद, आणि त्या लाल उजेडात एक वाक्य माझ्याकडे रोखून बघत होतं: माउंटशी संपर्क होऊ शकला नाही.

तात्या घोंगडी पांघरून, बॅटरी घेऊन आले. बॅटरी त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांवर मारली. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, तो गेला.

"काय दिसतंय का, सर?"

"कॉम तीन," मी म्हणालो.

"ग्रह हाय व्हय?"

दुर्बीण बाळगणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असतं. टेकडीवर एकटाच उभा, एक डोळा मिटलेला, दुसरा नळीला, मनात विश्वाच्या पसाऱ्याचे विचार. माझ्या गेल्या चार-पाच वर्षांतल्या रात्री मोजल्या, तर डोळा नळीला लागला तो वेळ एक रवा डोसा व्हायला लागतो तितकाही भरायचा नाही. बाकीचा वेळ मी टेबलाखाली असतो. वायरचं एक टोक हातात धरून, दुसरं कुठे गेलं ते शोधत.

पूर्वी हे असं नव्हतं. 1888 साली पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी नायगमवाला तिचे प्रमुख, आणि 20 इंची आरशाची तिथली दुर्बीण त्या वेळी देशातली सगळ्यात मोठी. त्या जमान्यात ताऱ्यामागे दुर्बीण फिरवायला घड्याळासारखं यंत्र असे. दोरीला वजन टांगायचं, ते सावकाश खाली येई, चाकं फिरत, चाकांबरोबर दुर्बीण फिरे. वजन तळाला गेलं की पुन्हा वर चढवायचं. आपण कोण, कुठले, हे त्या वजनाला कुणाला सांगावं लागत नसे. गुरुत्वाकर्षणाला ड्रायव्हर लागत नाही.

फिरवायला तर हवंच. पृथ्वी 23 तास 56 मिनिटांत एक गिरकी घेते, म्हणजे आकाश दर सेकंदाला 15 विकला पश्चिमेकडे सरकतं. ऐकायला क्षुल्लक, पण दुर्बीण त्या चालीने चालली नाही तर तीन मिनिटांच्या फोटोत प्रत्येक ताऱ्याची शेवई होते. म्हणून दुर्बिणीखाली माउंट, माउंटमध्ये मोटरी, आणि मोटरींना हुकूम द्यायला लॅपटॉप. ही झाली पहिली वायर. फोटो काढायचा कॅमेरा, त्याची दुसरी. माउंट आपलं काम नीट करतो की नाही यावर नजर ठेवायला एक छोटी दुर्बीण आणि तिचा वेगळा कॅमेरा, म्हणजे मुकादमावर मुकादम: तिसरी. थंडीने नळी आकसते आणि फोकस हलतो, म्हणून फोकस सावरणारी मोटर: चौथी. लॅपटॉपला भोकं दोन. (मुकादमाचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव पीएचडी. ज्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं आहेत, त्यांचा अर्थ 'इथे दाब, मठ्ठा' असा होतो. खगोलछंदात मला मिळालेली ही एकमेव पदवी.)

पहिल्या वायरची गोष्ट जरा वेगळी आहे. पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण आमच्या माळ्यावर असते. या वर्षी माळ्यावर उंदीरही होते. त्यांनी भिंगाला तोंड लावलं नाही, पेटीला लावलं नाही, फक्त माउंटची मूळ वायर खाल्ली. दिवाळीच्या आधी मी तपकीर गल्ली गाठली. मिनी यूएसबी मागितल्यावर दुकानदाराने मायक्रो काढून दिली.

"ही मायक्रो. मला मिनी हवी."

"तीच ही."

"नाही, ती जरा गुबगुबीत असते."

त्याने मागच्या खोक्यात दंडापर्यंत हात घातला आणि एक काळी वायर ओढून काढली. "जुन्या कॅमेऱ्याची म्हणा ना! घ्या, डाटा केबल. दीडशे." मी दीडशे दिले. घासाघीस केली नाही, याचं आता वाईट वाटतं.

यूएसबीतला 'यू' हा युनिव्हर्सलचा. 1996 साली हे प्रकरण आलं तेव्हा हेतू फार उदात्त होता. त्याआधी संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरचं भोक वेगळं, माउसचं वेगळं, कीबोर्डचं वेगळं, आणि चुकीच्या भोकात कोंबलेल्या पिना वाकड्या. हे सगळं मोडून सर्वांना एकच दार करायचं, असं ठरलं. इंटेलमध्ये ज्यांच्या चमूने हे काम केलं ते अजय भट्ट गायकवाडांच्या बडोद्यातल्या विद्यापीठात शिकलेले. ती चपटी पिन आधी सुलट घालावी तर जात नाही, उलटी घालावी तर जात नाही आणि पुन्हा सुलट घातली की जाते, याबद्दल जगाने त्यांना पुष्कळ ऐकवलं. दोन्हीकडून चालणारी पिन करायची तर तारा दुप्पट आणि खर्चही दुप्पट झाला असता, असं त्यांनी पुढे सांगितलं. खर्च वाचला, हे खरं. सगळ्यांचं एकच दार झालं, हे मात्र माझ्या पिशवीकडे बघून पटत नाही. तीत ए आहे, बी आहे, मिनी आहे, मायक्रो आहे, सी आहे आणि एक असं टोक आहे की जे माझ्या कुठल्याच वस्तूत जात नाही, पण ते टाकून दिलं की दुसऱ्या दिवशी लागेल, म्हणून ठेवलेलं आहे.

ही पिन भोकात गेल्यावर आत काय चालतं, ते मी एकदा समजून घेतलं आणि तेव्हापासून मला यूएसबीचा राग कमी आणि कीव जास्त येते. आत चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो. लॅपटॉप हा वरपक्ष. पिन आत गेली की मुलगी बाहेर आल्याचं त्यांना कळतं. मग प्रश्न सुरू. आडनाव काय? म्हणजे कुठल्या कंपनीची, त्याचा एक आकडा असतो. नाव काय? तोही आकडा. करता काय, कॅमेरा आहात, माउस आहात, की आणखी काही? आणि खाण्यापिण्याचं कसं? उत्तर येईपर्यंत मुलीला 100 मिलीअँपिअर चहा मिळतो. बोलणी जमली तर यूएसबी दोनच्या घरात 500 पर्यंत जेवायला मिळतं. जमलं की तिला 1 ते 127 यांच्यातला एक क्रमांक देऊन घरात घेतात. कार्यक्रमाचा मुख्य नियम असा, की मुलीने आपणहून एक अक्षर बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं. पुढे सगळा संसारही असाच चालतो. लॅपटॉप पुन्हा पुन्हा विचारत राहतो, 'काही सांगायचंय का?', आणि तेव्हाच उपकरण तोंड उघडतं. आमच्या आजीच्या काळात यूएसबी असती तर आजीला तिच्यात शिकण्यासारखं काही राहिलं नसतं.

आता, थंडीने बोटं आखडलेली, वायर लांबलेली, पोटात पुरेसा चहा गेलेला नाही, अशा अवस्थेत मुलगी नाव विचारल्यावर अडखळली, तर वरपक्ष काय करतो? पडद्याच्या कोपऱ्यात पाटी लावतो: अनोळखी यूएसबी उपकरण. त्रुटी क्रमांक 43. पोहे थंड.

त्या रात्री आधी हेच झालं. साडेसातला सामान मांडलं. ध्रुव भोरहून जेमतेम 18 अंशांवर असतो, तो झाडांच्या फटीतून शोधून माउंटचा आस त्याच्याकडे वळवला. मग मला एक कल्पना सुचली. थंडीत दुर्बीण उभी राहते, आपण कशाला राहायचं? लॅपटॉप घेऊन गाडीत बसू, काचा वर करू, थर्मासमधला चहा पिऊ. गाडी जरा लांब होती, म्हणून तीन मीटरच्या वायरीला तीन मीटरची एक्स्टेन्शन जोडली. छोटा कॅमेरा लगेच अनोळखी झाला. दोन वर्षं माझ्या घरी आहे, त्याचं खोकं अजून कपाटावर आहे, आणि लॅपटॉप म्हणतो, हा कोण?

मी एका मित्राला फोन लावला. पुण्यात या नादातले आम्ही पाच-सहा जण आहोत. अमावास्येच्या रात्री कुणाचाही फोन वाजला तरी घरचे उठून बसत नाहीत. तो म्हणाला, "यूएसबी दोनची वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नये. तुझी किती?" सहा, मी म्हणालो. "मग गाडीतून बाहेर ये." मी थर्मास घेऊन बाहेर आलो, एक्स्टेन्शन काढली, आणि कॅमेऱ्याला आपलं नाव आठवलं. उकिडवं बसण्यामागचा इतिहास हा असा.

मग चार वायरींना दोन भोकं पुरेनात, म्हणून हब लावला. हब लावल्याबरोबर माझा बिनवायरीचा माउस मेला. यामागचं कारण समजलं तेव्हा थोडा आनंदच झाला. यूएसबी तीनच्या वायरी चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि बिचारा माउस त्याच पट्ट्यात कुजबुजत असतो. शेजारी बँजो वाजत असताना कानगोष्टी कशा ऐकू येणार? हब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. माउस उठून बसला. दहा वाजता तीन उपकरणं घरात नांदत होती. राहिला माउंट.

माउंटचं कुळ जुनं. दुर्बिणींचे माउंट अजून सीरियल पोर्टच्या बोलीत बोलतात, आणि तेही सेकंदाला 9600 बिटांच्या चालीने, म्हणजे आमचे शेजारी पेपर वाचून दाखवतात साधारण तसे. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं. म्हणून मध्ये एक चिप बसवतात, जी यूएसबीला सीरियल असल्याचं भासवते. तिच्यासाठी ड्रायव्हर. त्यावर ॲस्कॉम नावाचा दुभाषी, म्हणजे आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला दुर्बीण कुठल्या कंपनीची आहे याची फिकीर नको. ही मंडळी सगळी जागी असतील तर माउंटला 'मृग' म्हणून सांगता येतं. पण त्याआधी तो कुठल्या कॉम पोर्टवर बसला आहे ते सांगावं लागतं, आणि इथे विंडोजचा एक स्वभाव आडवा येतो. काल डावीकडच्या भोकात लावलेली वायर आज उजवीकडे लावली, तर विंडोज तिला नवी पाहुणी समजून नवा क्रमांक देते. मागल्या दाराने आली म्हणून घरच्या सुनेला कुणी 'आपण कोण?' विचारतं का? एका मित्राचा माउंट कॉम 17पर्यंत पोहोचला आहे. त्याने भोकाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय. नेलपॉलिश कुणाचं, हे त्याच्या घरी अजून कळलेलं नाही.

माझ्या यादीत एकच पोर्ट दिसत होता. कॉम तीन. मी खूश. कॉम तीन निवडला, 'जोडा' दाबलं. थोडं थांबून पडदा म्हणाला, संपर्क होऊ शकला नाही. पुन्हा दाबलं.

फोन सुरू झाले. पहिला मित्र म्हणाला, आधी माउंटची वीज चालू कर, मग वायर लाव, मग सॉफ्टवेअर. दुसरा म्हणाला, कुणी सांगितलं तुला असं? आधी वायर, मग वीज. तिसऱ्याचं म्हणणं, सगळं काढ, दहा आकडे मोज, सगळं लाव, आणि लावताना घाई करू नकोस. मी विचारलं, दहाच का? तो म्हणाला, माझं दहाला लागतं. चौथ्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाठवलं. तिथे प्रत्येक हबच्या पोटात, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची संगणकाला परवानगी द्यावी, अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे खूण केलेली असते. ही परवानगी मी कधी दिली, आठवत नाही. त्या सगळ्या खुणा काढल्या. पाचव्याने झोपेतच "रिस्टार्ट कर" म्हटलं आणि ठेवला.

सगळं केलं. आधी वीज मग वायर, आधी वायर मग वीज, दहा आकडे, रिस्टार्ट. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी सांगतात आणि यजमान पळीभर पाणी सोडत राहतो, तसा मी वायर काढत होतो, घालत होतो. एकदा तर पिनेवर फुंकर मारली. का मारली विचारू नका. कॅसेटच्या पिढीचा माणूस अडचणीत फुंकर मारतो.

मधल्या वेळात स्वतःला धीर द्यायला मी बिल गेट्स यांची आठवण काढली. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज 98चा मोठेपणा सांगताना, त्यांच्या शेजारी उभ्या सहकाऱ्याने यूएसबीचा स्कॅनर जोडला आणि भरसभेत पडदा निळा पडला. म्हणूनच ही अजून बाजारात आणलेली नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्सनी वेळ मारून नेली. मलाही काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची होती, पण समोर तात्या होते, आणि त्यांनी खाली पोतं अंथरून बसकण मारली होती.

तात्यांना मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. रात्री दीड वाजता ऐकून घेणारं माणूस मिळालं की विंडोजचा ड्रायव्हरसुद्धा समजावून सांगावासा वाटतो. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पर दिवा तर लागलाय," माउंटच्या हँडसेटवरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवत ते म्हणाले.

"तेच तर ना! वीज आहे, सगळं आहे."

"आमच्या पंपाचं आसंच हुतं, सर. स्टार्टरला दिवा लागतो, पाणी काय चढत न्हाई. दिव्याचं काय खरं नसतं." थोडं थांबून, "वायर बदलून बघितली का?"

मी हसलो. पदवीधर माणूस हसतो तसा. नवीन वायर आहे, तात्या, दिवाळीला घेतलेली. हँडसेटला वीज तर माउंटच्या बॅटरीतूनच येत होती, या वायरीचा त्या दिव्याशी काही संबंध नव्हता, हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि सुचलं नाही.

अडीच वाजता पुतण्या गाडीत जागा झाला. तो संगणकशास्त्र शिकतो, म्हणून त्याला बरोबर आणला होता. पहिले सात तास तो झोपला होता. लाल पडद्याकडे बघून म्हणाला, "काका, हा कॉम तीन ब्लूटूथचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दुर्बिणीचा नाही. ब्लूटूथ स्वतःसाठी असे पोर्ट करून ठेवतं. तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

साडेचार तास मी ज्याच्याशी वाटाघाटी करत होतो, दर वेळी ज्याचा नकार मनाला लावून घेत होतो, तिथे कुणीच नव्हतं. माउंट आलाच नव्हता. अनोळखी म्हणूनसुद्धा आला नव्हता. पिन आत गेल्यावर लॅपटॉप 'टुंग' करतो, ते टुंग एकदाही झालं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. मुलगी अडखळली नव्हती. मुलगी घरातून निघालीच नव्हती.

तरी पुढचे दोन तास आम्ही ड्रायव्हर काढला, घातला, जुना घातला, नवा घातला. फोनवरच्या इंटरनेटची एक रेघ यायची आणि जायची, तिच्यामागे पुतण्या फोन उंच धरून वाफ्यांतून फिरत होता. तात्या दोनदा चहा घेऊन आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं वायरीकडे बघितलं.

साडेचारच्या सुमाराला, निव्वळ तात्यांच्या नजरेला मान देऊन, मी पिशवी उलटी केली. तीत पुतण्याची एक जुनी हार्ड डिस्क होती. जुन्या हार्ड डिस्कला तेच गुबगुबीत टोक असतं. तिची वायर काढली, माउंटला लावली.

टुंग.

असा गोड आवाज मी लग्नाच्या सनईतही ऐकलेला नाही. कॉम पाच. जोडला. जोडला गेला. माउंटच्या मोटरी घूं करून जाग्या झाल्या. पुतण्याने खिशातल्या चाकूने तपकीर गल्लीची वायर मधोमध कापली. यूएसबी दोनच्या वायरीत चार तारा असतात: लाल-काळी विजेची, हिरवी-पांढरी निरोपाची. हिच्यात लाल होती आणि काळी होती. हिरव्या-पांढऱ्याच्या जागी दोरा होता.

"म्हंजे पाणी न्हाईच लाइनीला," तात्या म्हणाले.

आता अडचण अशी, की हार्ड डिस्कची वायर दीड फुटाची. हार्ड डिस्क लॅपटॉपला चिकटूनच राहते, तिला लांब कशाला लागते? लॅपटॉप माउंटपासून दीड फुटावर हवा, जमिनीपासून साडेतीन फुटांवर हवा, आणि माउंट फिरेल तसा थोडा थोडा सरकायला हवा. आधी पुतण्या आरतीचं तबक धरावं तसा तो धरून उभा राहिला. मग त्याचे हात भरून आले. तात्यांनी टोमॅटोचे चार क्रेट आणून एकावर एक रचले. वर पोतं, पोत्यावर लॅपटॉप. मी 'मृगातला तेजोमेघ' निवडला आणि 'जा' दाबलं. दुर्बीण डौलात वळली, पश्चिमेकडे, खाली, आणखी खाली.

मध्यरात्री डोक्यावर आलेला मृग पाचला डोंगराशी टेकत होता. सिंह डोक्यावर आला होता, पण सिंहासाठी आम्ही गेलो नव्हतो. जेवढा मिळाला तेवढ्यात 30 सेकंदांचा एक फोटो काढला. त्यात तेजोमेघ आहे, गुलाबीसर, नीट फोकसमध्ये, तारे अगदी टिंबासारखे गोल. आणि त्याच्या पुढे डोंगरावरचं एक झाड आहे. तात्यांना दाखवला. त्यांनी झाड लगेच ओळखलं. "आमचंच हाय. हिरड्याचं."

सोमवारी ऑफिसातून परस्पर तपकीर गल्ली गाठली. घरी सौभाग्यवतींनी बजावलं होतं, "अहो, दीडशे रुपयांसाठी भांडत बसू नका." मी भांडलो नाही. कापलेल्या वायरीचे दोन तुकडे काउंटरवर ठेवले आणि म्हणालो, "हिच्यातून डाटा जात नाही."

"कापल्यावर कसा जाईल, साहेब?"

"कापायच्या आधीही जात नव्हता. हिच्यात दोनच तारा आहेत. चार लागतात."

"डाटा केबलच आहे ही."

"नाव तसं आहे. आतून डाटा जात नाही."

त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. मग खोक्यातून तशीच दुसरी काळी वायर काढली, गल्ल्याखालून एक जुना, बटणांचा फोन काढला, एक टोक फोनला लावलं, दुसरं भिंतीवरच्या चार्जरला. फोनच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र आलं आणि त्यातल्या रेघा एकावर एक चढायला लागल्या.

"हे बघा," फोन माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "जातोय की."